सॉल्टपॅनच्या कॅसेटमधले सोळा ठोके

पंचवीस वर्षे माझा चरितार्थ इतरांच्या चुका झाकण्यावर चालला. मी ध्वनिसंपादक होतो. अंधेरी पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत, खाली छत्र्यांच्या मुठी बनवणारा कारखाना आणि वर आमची कॅसेट कंपनी, अशा गाळ्यात माझे तारुण्य गेले. आम्ही आरत्या काढल्या, लावण्या काढल्या, वजन घटवण्याच्या व्यायामाची कॅसेट काढली, आणि सॉल्टपॅन नावाच्या एका रॉक बँडचे तीन लाइव्ह अल्बमही काढले. त्या जुन्या अल्बमांचे मोल आज टिकून आहे का, असे या अंकाच्या संपादकांनी मला विचारले आहे. हल्ली हा प्रश्न बरीच सुशिक्षित माणसे गंभीर चेहऱ्याने विचारताना दिसतात. उत्तर द्यायला मी लायक आहे का, हे मात्र संपादकांनी सौजन्याने विचारले नाही. त्याचा निवाडा वाचकांनी लेखाच्या शेवटी करावा.

सॉल्टपॅन म्हणजे मुलुंड-भांडुपकडची चार मुले. मिठागरांच्या कडेने सायकली हाकत मोठी झाली, म्हणून हे नाव. घरात मराठी, गाणी इंग्रजी, आणि इंग्रजीचे उच्चार जगातल्या कोणत्याही देशाचे नव्हेत असे. तरीही त्यांच्या वाजवण्यात काहीतरी होते. हे मी तेव्हाही मान्य करीत असे, फक्त कंपनीच्या शेठपुढे नव्हे.

कार्यक्रम चालू असताना, श्रोत्यांसमोर, जसे वाजले तसे मुद्रित केलेले संगीत म्हणजे लाइव्ह अल्बम, अशी लोकांची समजूत असते. ही समजूत आम्ही काळजीपूर्वक जोपासली, कारण आमचा धंदा तिच्यावरच उभा होता. प्रत्यक्षात कार्यक्रमातून हाती येत असे तो कच्चा माल. आमच्या कपाटात तीन खास रिळे होती. त्यांवर माझ्याच अक्षरात लिहिलेले होते: ‘टाळ्या, मध्यम’, ‘टाळ्या, भरपूर’ आणि ‘टाळ्या, शिट्ट्यांसह’. सॉल्टपॅनचा पहिला अल्बम घाटकोपरच्या एका महाविद्यालयाच्या सभागृहात मुद्रित झाला. तिथे श्रोत्यांसाठी टांगलेल्या मायक्रोफोनने दोन तास इमानाने छताचे पंखे टिपले होते. तेव्हा मी ‘भरपूर’चे रीळ काढले. त्या टाळ्या मुलुंडच्या नाट्यगृहात, एका फार्समध्ये नायक लुगडे नेसून प्रवेश करतो त्या वेळी पडलेल्या होत्या. त्या गजरात पहिल्या रांगेतली एक बाई दोनदा खोकते. माझ्या आळशीपणामुळे ती बाई सॉल्टपॅनच्या त्या अल्बमात तीन वेगवेगळ्या गाण्यांनंतर, तंतोतंत तशीच, खोकते.

हे सांगण्याचे कारण गेल्या वर्षी घडले. अंधेरी पश्चिमेला एका कॉफीच्या दुकानावरच्या माडीवर जुन्या कॅसेटी आणि रेकॉर्डी जमवणाऱ्यांची मंडळी महिन्यातून एका रविवारी सकाळी जमतात. तिथे त्यांनी मला बोलावले. विषय होता: सॉल्टपॅनचे सुरुवातीचे लाइव्ह अल्बम अजून मोल टिकवून आहेत काय. मी कोपऱ्यात बसून तासभर ऐकले. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत निकृष्ट कामाची एवढी आदराने चर्चा झालेली मी कधी ऐकली नव्हती.

त्या मंडळींचे अध्वर्यू म्हणजे बोरिवलीचे दंतवैद्य डॉ. नाबर. त्यांच्याकडे पहिल्या अल्बमच्या दोन प्रती आहेत. एक ऐकण्याची, आणि एक वेष्टनातून कधीच न काढलेली. ही दुसरी प्रत ते औषधांच्या फ्रिजशेजारी, कोरड्या कपाटात ठेवतात आणि पाहुण्यांना दुरून दाखवतात. मी त्यांना हळूच सांगितले, की चुंबकीय फीत वर्षानुवर्षे न फिरवता गुंडाळून ठेवली, की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटू लागतो, आणि मग गाणे सुरू होण्याआधीच त्याची अंधुक सावली ऐकू येते. म्हणजे ते जी गोष्ट जपत होते, ती त्यांच्या जपण्यानेच खराब होत होती. त्यांनी माझ्याकडे, रुग्णाने स्वतःच औषध सुचवल्यावर पाहावे तसे पाहिले आणि म्हणाले, “पण प्रत अभंग आहे ना? ऐकायचंय कुणाला?”

मग त्यांनी त्या खोकणाऱ्या बाईवर एक उपपत्ती मांडली. त्यांच्या मते ती बँडच्या गायकाची आई असावी, कारण ती ठरावीक गाण्यांनंतरच भावनावश होऊन खोकते. काहींनी ते वहीत टिपून घेतले. खोटे उघडे पाडण्याची संधी समोर आली असताना काही न बोलणे ही माझी जुनी सवय आहे, आणि तिचे समर्थन मला करायचे नाही.

तिथेच मला तन्वी भेटली. पस्तिशीची, चुणचुणीत बाई. जुन्या कॅसेटी नव्याने मोठ्या रेकॉर्डींवर आणून विकण्याचा तिचा व्यवसाय आहे. सॉल्टपॅनचा पहिला लाइव्ह अल्बम तिला पुन्हा काढायचा होता. मूळ रिळे माझ्याकडे आहेत, हे तिला कुठून तरी कळले होते. ती खरेच होती. कंपनी बंद पडली तेव्हा सगळे सामान भंगारात गेले. त्यातली डझनभर रिळे मी मुलुंडच्या घरी आणून माळ्यावर टाकली होती. माझी पत्नी त्यांना ‘तुझी पापं’ म्हणते. तिला काही ठाऊक नव्हते, तरीही.

तन्वी म्हणाली, “सर, दुसरा आणि तिसरा अल्बम ठीकच आहेत. पण पहिला! त्यात तो बेस जो आहे ना, शेवटच्या गाण्यातले ते सोळा ठोके, त्यासाठी लोक वेडे आहेत. आम्ही परब सरांना शोधून काढलंय. ते लॉन्चला इथंच माडीवर येऊन ते सोळा ठोके लाइव्ह वाजवणार आहेत.”

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. बेस म्हणजे चार जाड तारांची गिटार. ती ऐकू येते त्याहून अधिक जाणवते. बाकीचे वादक तिच्यावर उभे असतात. सॉल्टपॅनमध्ये ती विलास परब वाजवत असे. आणि ज्या सोळा ठोक्यांसाठी लोक वेडे झाले होते, ते विलास परबने वाजवलेले नव्हते. हे जगात दोघांना माहीत होते. त्यातला एक, तो भाडोत्री वादक, वारला होता. दुसरा मी होतो.

त्या वेळी आमच्याकडे आठ पट्ट्यांचे यंत्र होते. एकाच रुंद फितीवर शेजारी शेजारी आठ आवाज वेगवेगळे साठवता येत. एका पट्टीवर गायक, एकीवर बेस, दोनवर ड्रम, असे. टेबलावर प्रत्येक पट्टीसाठी एक बटण असे. ते दाबले, की बाकीच्या सात गप्प होत आणि एकच आवाज नागडा ऐकू येई. चुका शोधायची ही आमची पद्धत. एकेकाला वेगळे काढायचे, त्याच्या चुका पुसायच्या, पुढच्याला घ्यायचे. पोलीस संशयितांना वेगवेगळ्या खोलीत बसवतात, तसेच. मला या पद्धतीचा फार अभिमान होता.

सॉल्टपॅनच्या शेवटच्या गाण्याच्या बेसची पट्टी मी अशी एकटी ऐकली, तेव्हा मधेच परब थांबला होता. पूर्ण सोळा ठोके काहीच नाही. मग एक जाड स्वर, आणि पुढे पुन्हा सुरू. मी निष्कर्ष काढला, की गडी विसरला. शेठना कॅसेट गणपतीच्या आत बाजारात हवी होती. मी एका भाडोत्री वादकाला बोलावले. तो चित्रपटांसाठी वाजवत असे आणि दोन कामांच्या मधल्या वेळेत आला होता. त्याने ते अख्खे गाणे नव्याने वाजवले, आणि त्या रिकाम्या सोळा ठोक्यांत, बहुधा कंटाळा घालवण्यासाठी, एक झोकदार तान घातली. फितीवर नवव्या पट्टीला जागा नव्हती. तेव्हा मी परबच्याच पट्टीवर मुद्रणाचे लाल बटण दाबले. नवा बेस फितीवर चढत असतानाच जुना कायमचा पुसला जात होता. कामाला वीस मिनिटे लागली.

कलाकाराला सांगायचे नाही, हा आमच्या धंद्याचा अलिखित नियम. सांगितले तर तो भांडतो, आणि न सांगितले तर तो स्वतःवर खूश होतो, असे शेठ म्हणत. बहुतेक कलाकार खूश होतही असत. आपला आवाज एवढा सुरेल आहे हे ऐकून एका आरतीगायकाच्या डोळ्यांत पाणी आले होते. मी त्याला रुमाल दिला होता.

तन्वीला मी होकार दिला. का, ते प्रामाणिकपणे सांगतो. परबची भीती होतीच, पण त्याहून मोठा होता माझ्या कामाचे पुन्हा कौतुक होण्याचा मोह.

जुन्या फितीला चिकटपणा येतो. तशीच यंत्रावर चढवली तर तिच्यावरचा लेप खरवडून निघतो. म्हणून तिला आधी मंद उष्णतेत काही तास वाळवावे लागते. त्यासाठी मी आंबे-चिकू सुकवायचे यंत्र वापरतो. रीळ वाळल्यावर एकेक पट्टी संगणकात उतरवू लागलो. ड्रमची पट्टी पूर्वी मी गाळून घेतली होती, त्यातला खालचा घुमार कापून टाकला होता. आता ती मूळ स्वरूपात ऐकताना ड्रमच्या मागे, भिंतीपलीकडून यावे तसे, आणखी काही ऐकू आले. मायक्रोफोन आपल्यापुढचेच ऐकतो असे नाही. शेजारचेही त्यात झिरपते. ड्रमच्या मायक्रोफोनात त्या दिवशीचा परब झिरपला होता. आणि गायकही.

मी शेवटच्या गाण्यापाशी गेलो. मध्यंतरीचे वादन चालू होते. ते संपायला चार बार, म्हणजे सोळा ठोके बाकी असतानाच गायक चुकून पुढचे कडवे गाऊ लागला. गिटार एकीकडे, गळा दुसरीकडे. आणि त्याच क्षणी परब थांबला. पायाखालचा आधार गेल्यावर गायकाला आपण कुठे आहोत हे कळले, तो ओळ अर्ध्यात सोडून गप्प झाला. परब मोजत राहिला. सोळा ठोके संपताच त्याने तो एक जाड स्वर दिला, ‘आता ये’ असे म्हटल्यासारखा, आणि गायक बरोबर त्या जागी आला. गाणे वाचले. श्रोत्यांना बहुधा काही कळलेही नसावे.

मग मला आठवले. गायकाची ती चुकीची ओळ गायकाच्या पट्टीवरून मीच पुसली होती. आदल्या दिवशी. त्या दिवशी मी त्याच्या गळ्यातले असे अनेक काटे उपटले होते आणि एकही लक्षात ठेवला नव्हता. चूक मी पुसली, आणि दुसऱ्या दिवशी ती सावरणाऱ्यालाच विसराळू ठरवले. आठही पट्ट्या असलेले यंत्र समोर असताना मी एकेकाला वेगळे काढून ऐकत होतो. चौघेजण एकमेकांचे ऐकत वाजवत होते, आणि ऐकण्याचा पगार घेणारा मी तेवढे ऐकू शकलो नाही.

तरीही अल्बम मी तन्वीला त्या तानेसहच दिला, आणि लॉन्चच्या रविवारला तीन दिवस उरले असताना परबच्या घरी गेलो. मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. दार त्यानेच उघडले. केस गेलेले, हात तसेच लांब. मला ओळखून तो त्याच्या मालवणीत म्हणाला, “काय रे मिलिंदा, इतक्या वर्सांनी आठवण इली?”

परबचे वडील गिरणीत होते. गिरणी गेली आणि कुटुंब भांडुपला आले. परब पुढे महापालिकेच्या पाणी खात्यात लागला, मुलुंडला स्थिरावला. हे सगळे त्याने चहा येईपर्यंत सांगितले. चहा घेऊन सुनीता वहिनी आल्या. कोपऱ्यात बेस आणि एक टेपरेकॉर्डर पाहून मी विचारले, की अजून वाजवतो का. उत्तर वहिनींनी दिले. “रविवार म्हणजे ह्यांचा आणि त्या कॅसेटचा. लग्न झाल्यापासून बघते. दुसरी बाई असती तर निदान एकदा जेवायला तरी बोलावली असती.”

परब हसला. मग त्याने जे सांगितले, ते ऐकण्याची माझी तयारी नव्हती. कॅसेट निघाल्यावर शेवटच्या गाण्यातला बेस ऐकून तो चकित झाला होता. आपण थांबलो होतो, असे त्याला पुसटसे आठवत होते. पण कॅसेटवर तर तान होती. त्याने मित्रांना विचारले. ड्रमर म्हणाला, तू कसला थांबतोस, ऐक की कॅसेट. तेव्हा परबने स्वतःच्या आठवणीपेक्षा कॅसेटवर विश्वास ठेवला. पुढे प्रत्येक कार्यक्रमात लोक ती तान मागू लागले, आणि त्याच्या बोटांना ती येईना. त्याची बोटे जड, साधी. ती तान चपळ माणसाची होती.

“ग्रुपमध्ये चालू झालं मग,” तो म्हणाला. “‘आज कुठला परब आलाय, घरचा की कॅसेटचा?’ मस्करीच होती. पण वर्षभर रोज कोण ऐकून घेणार? सोडून दिलं. पाण्याच्या खात्यात लागलो.”

त्यानंतर दोन वर्षे तो दर रविवारी त्या कॅसेटबरोबर बसून ती तान शिकला. म्हणजे स्वतःचीच, असे समजून. पुढेही त्याने रविवार चुकवला नाही. त्याने मला ती वाजवून दाखवली. अचूक होती. मूळ वादकाने कंटाळ्यात टाकलेला प्रत्येक झोक त्यात होता. वाजवून झाल्यावर तो म्हणाला, “रविवारी अंधेरीत दाखवतो साल्यांना. कॅसेटवर घरचाच परब आहे म्हणून.”

मी लॅपटॉप घेऊन गेलो होतो. पण आल्या पावली निघून जावे, असे मला तीव्रतेने वाटले. गप्प राहिलो असतो तर परब त्या माडीवर माझे खोटे स्वतःचे म्हणून वाजवणार होता, आणि टाळ्या घेणार होता. बोललो, तर त्याच्या तीस वर्षांच्या रविवारांचे काय करायचे, ते मला माहीत नव्हते. दोन्हींत माझा स्वतःचा फायदा कुठे आहे, हे मन आधी तपासत होते. तेही नोंदवून ठेवतो.

मी सांगितले. त्या वादकाचे नाव, ती वीस मिनिटे, लाल बटण, सगळे. परब ऐकत होता. वहिनी दारात थांबल्या होत्या. मग मी ड्रमची पट्टी लावली आणि त्याच्या कानाला हेडफोन दिला. त्याने डोळे मिटले नाहीत, माझ्याकडे पाहत ऐकले. सोळा ठोके त्याने मांडीवर बोटाने मोजले. सतरावा ठोका आणि तो जाड स्वर एकदमच आले.

त्याने ते चार वेळा लावायला सांगितले. मग म्हणाला, “म्हणजे मी थांबलो होतो.”

“हो.”

“आणि बरोबर थांबलो होतो.”

“हो.”

“आणि तू ते भरून काढलंस.”

मी माफी मागितली. शब्द बरेच वापरले असावेत, कारण तो मधेच म्हणाला, “तुझी माफी तुझ्याकडे ठेव. मला सांग, तेव्हा मला एक फोन का नाही केलास? शेजारच्या किराणावाल्याकडे फोन होता. नंबर होता तुझ्याकडे.”

नंबर होता. तेव्हा फोन करावा असे मनातच आले नव्हते, हेच खरे आहे, आणि ते कोणत्याही सबबीपेक्षा वाईट आहे.

निघताना त्याने बजावले, की तन्वीला किंवा कोणालाही काही बोलायचे नाही. रविवारी ती ड्रमची पट्टी घेऊन यायचे आणि तो सांगेल तेव्हा लावायची. वहिनींनी मला निरोप दिला नाही.

रविवारी ती माडी भरली होती. नव्या रेकॉर्डीच्या वेष्टनावर त्या तानेबद्दल तन्वीने एक परिच्छेदच छापला होता. ‘तापलेल्या सभागृहात एका तरुणाच्या बोटांतून अवतरलेला क्षण’ असे काहीतरी. ‘अवतरलेला’ हा शब्द वाचून मला त्या भाडोत्री वादकाची आठवण झाली, जो मधूनमधून घड्याळ पाहत होता.

भाषणे झाली. डॉ. नाबर यांनी मोलाविषयी सांगितले. त्यांच्या मते सुरुवातीचे लाइव्ह अल्बम मोल टिकवतात, कारण त्यांत काहीही लपवलेले नसते. तिसऱ्या अल्बमबद्दल ते म्हणाले, की तो कच्चा आहे, कुणी शोधतही नाही. तिसऱ्या अल्बमच्या वेळी कंपनीला दुरुस्तीला वेळ मिळाला नव्हता. तो जसा वाजला तसाच बाजारात गेला. बेसूर जागी बेसूर आहे, टाळ्या तुरळक आहेत आणि खऱ्या आहेत. या जाणकारांच्या हाती एकच प्रामाणिक वस्तू आली होती, आणि तीच त्यांनी बाजूला सारली होती. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. तरीही ठेवतो.

मग परब उठला. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. त्याने मला खूण केली. मी ड्रमची पट्टी लावली, आणि तो तिच्याबरोबर शेवटचे गाणे वाजवू लागला. साधे, जड, ठोक्याच्या पोटात बसणारे. लोक ती जागा जवळ येताना पुढे सरकून बसले. काहींनी मोबाइल वर धरले.

परब थांबला.

हात तारांवर ठेवून तो उभा राहिला. ड्रम वाजत होते. मागून, फार लांबून, तीस वर्षांपूर्वीचा गायक चुकत होता; पण ते ऐकण्याइतके कुणाचेच लक्ष नव्हते. लोक एकमेकांकडे पाहू लागले. मोबाइल खाली आले. माझ्या मागचा एक जण दुसऱ्याला म्हणाला, “विसरले बिचारे.” सोळा ठोके संपले, परबने तो स्वर दिला आणि गाणे शेवटपर्यंत नेले.

दयेने वाजवलेल्या टाळ्या संपल्यावर डॉ. नाबर फार कोमल स्वरात म्हणाले, “परब साहेब, होतं असं. वयानुसार. पुन्हा एकदा प्रयत्न करायचा का?”

“विसरलो नाही,” परब म्हणाला. “त्या दिवशी पण हेच वाजवलं होतं. तुम्हाला जे आवडतं ते दुसऱ्याचं आहे. ह्यानं बसवलं.” आणि माझ्याकडे बोट दाखवून, “ऊठ रे. सांग ह्यांना.”

मी उठलो आणि सांगितले. बेस, गायकाची पुसलेली ओळ, सगळे. ओघात टाळ्यांचे आणि खोकणाऱ्या बाईचेही सांगितले. आवाज बारीक आहे माझा. मागच्यांनी मोठ्याने बोला म्हणून सांगितले, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सांगितले. तन्वीचा चेहरा उतरला होता. ती एवढेच म्हणाली, “सर, हे आधी तरी सांगायचं ना. जॅकेट छापून झालंय.”

मला वाटले, आता कुणीतरी रागावेल. निदान डॉक्टर तरी. त्यांनी चष्मा पुसला, हात वर केला आणि विचारले, “म्हणजे, बेस बदललेला असा हा एकमेव अल्बम म्हणायचा का? कारण तसं असेल तर मूळ कॅसेटचं मोल वाढेल.”

माडीवर संमतीची कुजबुज झाली. एकाने ते टिपूनही घेतले.

संपादकांच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. जुने लाइव्ह अल्बम मोल टिकवून आहेत. काहीही झाले तरी ते मोल खाली येणार नाही, कारण ऐकण्याशी त्याचा काही संबंध उरलेला नाही.

परबने बेस पिशवीत घातला. डॉक्टरांना उत्तर न देता तो जिना उतरला, मीही मागून उतरलो. रिक्षा केली. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याला लागलो. मला वाटले, तो मला मुलुंडपर्यंत न बोलताच नेणार, आणि ते मला योग्यही वाटले. पवईच्या अलीकडे त्याने विचारले, “डॉक्टरनं विचारलं त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. हा एकच का?”

“नाही.”

“किती?”

मी नावे सांगू लागलो. तो आरतीगायक. मराठी गझल गाणारी कुर्ल्याची एक शिक्षिका, जिचा वरचा षड्ज मी दुसरीच्या गळ्यातून आणला होता. एक वृद्ध ढोलकीवादक, ज्याच्या जागी मी यंत्राचा ठोका घातला आणि ज्याने नंतर मला पेढे आणून दिले. पवईचा तलाव मागे पडला, गांधीनगरचा चौक गेला, तरी नावे संपली नाहीत. किती आठवतात याचे माझे मलाच आश्चर्य वाटत होते. कामाच्या दिवसांत एकही आठवत नसे. बेसची पिशवी दोन्ही गुडघ्यांत धरून परब बाहेर पाहत होता.

शेवटी मी थांबलो, तेव्हा त्याने एवढेच विचारले, “ह्यातला पहिला कुठं राहतो?”